कुंडलिनीनंतरच्या ओव्या
(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी या गावाला ज्ञानेश्वरी वाचायला शिकवलं. पारायण उरकायचं नाही, ओवी अर्थासकट पुढे न्यायची, हा त्यांचा दंडक होता. मी शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक. श्वास, रक्त आणि मज्जातंतू शिकवण्यात माझी नोकरी गेली. ‘श्वासाचं ध्यान आणि शक्तिजागृती’ हा विषय कार्यकर्त्यांनी सुचवला, तेव्हा गुरुजींचा ग्रंथ आणि माझं शास्त्र इथे एकमेकांना भेटतात हे लक्षात आलं आणि मी तो आनंदानं घेतला.

हा विषय आता मठा-आश्रमांपुरता उरलेला नाही. श्वासावरच्या ध्यानाची शिबिरं तालुक्याच्या गावी भरतात, मोबाइलवर पाहून माणसं पहाटे प्राणायाम करतात. त्यांपैकी कित्येकजण मला येऊन विचारतात. कुणाच्या कण्यातून वर काहीतरी सरकलेलं असतं. कुणाच्या तळहातात मुंग्या येतात, कुणाचं अंग आपोआप डोलतं, कुणाला मिटल्या डोळ्यांपुढे उजेड दिसतो. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : माझी कुंडलिनी जागी झाली का?

या प्रश्नाला मराठीत सातशे वर्षांपूर्वी उत्तर मिळालेलं आहे, आणि ते ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे, हे मला आज मांडायचं आहे. अडचण अशी की आपण तो अध्याय कुंडलिनीच्या वर्णनापर्यंत वाचतो, त्या वर्णनानं भारावतो आणि तिथेच थांबतो. उत्तर मात्र त्याच्या पुढच्या ओव्यांत आहे.

गीतेत नसलेली गोष्ट

गीतेच्या सहाव्या अध्यायात ४७ श्लोक आहेत. ध्यानाला कसं बसावं हे त्यांत फार थोडक्यात येतं : स्वच्छ जागा, फार उंच नाही आणि फार सखल नाही असं आसन, शरीर, मान आणि डोकं एका रेषेत, दृष्टी नाकाच्या अग्राकडे. कुंडलिनीचा उल्लेख तिथे नाही. मूळ श्लोकात नसलेली ही विद्या ज्ञानदेवांनी टीकेत आणली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ग्रंथ पूर्ण झाला. त्याच्या सहाव्या अध्यायात त्यांनी या मार्गाला ‘पंथराज’ म्हटलं आणि हा नाथांचा ठेवा आहे हेही मोकळेपणानं सांगितलं. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही ती परंपरा. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि निवृत्तिनाथांनी तो धाकट्या भावाला दिला. गुरुमुखातून शिष्याच्या कानात जाणारी ही विद्या ज्ञानदेवांनी मराठीत, भर सभेत उघड केली.

या वर्णनाची सुरुवात जागेपासून होते. बसण्याची जागा अशी असावी की नास्तिकालाही तिथे तप करावंसं वाटावं. मग आसन, मग बंध, आणि मग नाभीच्या तळाशी वेटोळं घालून निजलेली शक्ती. कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिलाची तिची उपमा महाराष्ट्र कधी विसरला नाही. ती जागी होते तीच भुकेली. देहातली पृथ्वी आणि जल ही तत्त्वं ती खाऊन टाकते, तृप्त होते, आणि देह नव्या कांतीचा होतो. मराठीत इतकं धगधगीत शरीरवर्णन मला दुसरं माहीत नाही.

आता पुढे काय होतं ते पाहा. शक्ती हृदयापाशी पोचते तेव्हा तिचं रूप विरतं. ज्ञानदेव सांगतात की तेव्हा तिला कुंडलिनी म्हणणंही थांबतं, ती केवळ वारा होते, आणि शिवाशी एकरूप होईपर्यंत तेवढीच उरते. ज्या नागिणीच्या वर्णनानं आपण थरारलो, ती त्यांनीच हृदयापाशी वाऱ्यात विरवून टाकली. शरीरातला चमत्कार हा मुक्काम असता, तर त्यांनी तो असा विरघळू दिला नसता.

श्वास शरीरात काय करतो

हा वारा म्हणजे काय, हे माझ्या शास्त्राच्या बाजूनं थोडं सांगतो. शांत बसलेला निरोगी माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. आपल्या योगग्रंथांनी दिवसरात्रीच्या श्वासांची संख्या २१,६०० धरली. दिवसाच्या १,४४० मिनिटांनी भागा, मिनिटाला १५ श्वास येतात. ज्यांनी हा आकडा दिला त्यांनी स्वतःकडे फार नीट पाहिलं होतं.

श्वासाचं एक वैशिष्ट्य हृदयाला नाही आणि पचनालाही नाही. तो झोपेत आपोआप चालतो आणि जागेपणी आपलं ऐकतोही. एरवी आपल्या हुकमाबाहेर असलेल्या यंत्रणेशी बोलायची वाट त्यामुळे श्वासातून मिळते. आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. हे मंदावणं मेंदूच्या तळापासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूमार्फत होतं. उच्छ्वास लांबवला की त्याचा अंमल वाढतो. मिनिटाला साधारण सहा श्वासांची लय धरली, तर हृदयाच्या ठोक्यांतला आणि रक्तदाबातला चढउतार एकमेकांशी जुळतो आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तत्पर होते. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅटिन भाषेतली ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास नकळत याच लयीत येतो असं दिसलं. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन परंपरांना शरीरातली एकच लय सापडली होती.

मन शांत होण्याचा धागाही हळूहळू हाती येतो आहे. २०१७ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात असं आढळलं की मेंदूच्या तळाशी श्वासाची लय ठरवणाऱ्या पेशींतला एक छोटा गट मेंदूला जागं आणि सावध ठेवणाऱ्या केंद्राशी थेट जोडलेला आहे. तेवढ्या पेशी काढून टाकल्यावर ते उंदीर विलक्षण शांत राहू लागले. माणसाच्या बाबतीत अजून पुष्कळ शोधायचं आहे. तरीही श्वास आणि चित्त एकमेकांना हलवतात, हे हठयोगाचं मूळ म्हणणं शरीरशास्त्राला आज परकं वाटत नाही.

मुंग्या, कळा आणि उजेड

आता त्या मुंग्यांकडे वळतो. भस्त्रिका किंवा कपालभाती जोरात आणि बराच वेळ केली, की छातीतून कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो. हा वायू निव्वळ कचरा नाही, रक्ताची आम्लता तो तोलून धरतो. तो घटला की रक्त अल्कधर्मी होतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तातल्या कॅल्शियमचा मोकळा अंश कमी होतो. मग ओठांत आणि बोटांत मुंग्या येतात, बोटं वळतात, डोकं हलकं होतं, कधी डोळ्यांपुढे चमकतं. भीतीनं धाप लागलेल्या रुग्णात हेच घडताना डॉक्टर रोज पाहतात. श्वास आपल्या लयीत आला की काही मिनिटांत सगळं ओसरतं.

‘प्राणायामानं प्राणवायू वाढतो’ हा समजही इथेच तपासून घेऊ. करोनाच्या साथीत घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं आणि निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन नुसतं बसल्याबसल्याही ९७ टक्क्यांच्या आसपास भरलेलं असतं, हे सगळ्यांनी स्वतः पाहिलं. तिथे भर घालायला फारशी जागाच नाही. प्राणायामाचं मोल दुसरीकडे आहे. ते लयीत आहे, मज्जासंस्थेवरच्या परिणामात आहे आणि चित्त एका ठिकाणी ठरण्यात आहे.

कारण सापडलं म्हणजे अनुभव खोटा ठरला, असं मी म्हणत नाही. मुंग्या खऱ्या असतात आणि उजेडही खरा दिसतो. मात्र एखादी संवेदना कशी उपजली हा एक प्रश्न, आणि तिच्यामुळे माणूस पुढे गेला का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शरीरशास्त्र बऱ्याच अंशी देतं. दुसऱ्याचं देणं त्याच्या आवाक्यात नाही, आणि ते मुंग्यांनाही देता येत नाही.

आपल्या जुन्या ग्रंथांना हा धोका ठाऊक होता. पंधराव्या शतकाच्या सुमाराची स्वात्मारामांची हठप्रदीपिका दुसऱ्या प्रकरणात बजावते की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात, तसाच प्राण हळूहळू ताब्यात आणावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. चुकीच्या अभ्यासानं उचकी, दमा, खोकला आणि डोकेदुखी जडते, असंही तिथे लिहिलं आहे. हे इशारे योगाच्या विरोधकांचे नाहीत, ज्यांनी ही विद्या जपली त्यांचेच आहेत. ते वगळून नुसतं तंत्र शिकवणं ही परंपरेशी बेइमानी आहे.

ही शक्ती ज्यांतून वर चढते असं सांगतात, त्या चक्रांविषयी एवढंच सांगतो. त्यांची संख्या आणि जागा सगळ्या ग्रंथांत सारख्या नाहीत. सहा चक्रांचं जे चित्र आज जगभर दिसतं, त्याचा मोठा आधार पूर्णानंद यांचा १५७७ सालचा षट्चक्रनिरूपण हा ग्रंथ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन वुड्रॉफ यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि तो पश्चिमेत पोचला. इंद्रधनुष्याच्या सात रंगांची चक्रं तर जुन्या ग्रंथांत कुठेच नाहीत, ती विसाव्या शतकातली भर आहे. चक्रं ध्यानासाठी आखलेल्या जागा आहेत. शवविच्छेदनाच्या टेबलावर ती शोधू नयेत, आणि तिथे सापडत नाहीत म्हणून ध्यानाची टिंगलही करू नये.

मुंबई आणि लोणावळा

शास्त्र आणि योग यांची गाठ घालायचे सुरुवातीचे मोठे प्रयत्न आपल्याच मुलखात झाले, याचा मला अभिमान आहे. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ साली कुंडलिनीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि कुंडलिनी म्हणजे उजवा व्हेगस मज्जातंतू असा सिद्धान्त मांडला. तो आज जसाच्या तसा टिकत नाही. एवढी मोठी कल्पना एका मज्जातंतूत बसवता येत नाही. पण योगी आपल्या इच्छेबाहेरच्या यंत्रणेवर ताबा मिळवतो तेव्हा शरीरात नेमकं काय बदलतं, हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. १८८३ सालचा जन्म, संस्कृतचा गाढा अभ्यास, अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत काम, आणि नर्मदेकाठी मालसर इथे राहणाऱ्या परमहंस माधवदासजींकडून योगाची दीक्षा. गुरूवर श्रद्धा ठेवून त्यांनी गुरूनं दिलेलं तपासून पाहिलं. बडोद्यात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला. नौलीत मोठ्या आतड्यात दाब कमी होऊन अंशतः निर्वात स्थिती तयार होते, हे मोजून दाखवलं आणि तिला आपल्या गुरूंचं नाव दिलं. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघू लागलं. प्राणायामाचं मोल त्यांनीही प्राणवायूच्या हिशेबात मोजलं नाही.

तपासणी आणि भक्ती एकाच माणसात सुखानं नांदतात, हे कुवलयानंदांच्या आयुष्यातून मला शिकायला मिळालं. प्रयोगशाळेत नेल्यानं गुरूचा शब्द हलका झाला असं त्यांना कधी वाटलं नाही. आज शक्तिजागृतीविषयी शंका विचारणाऱ्याला ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असं सांगून गप्प बसवलं जातं. त्या प्रत्येक ठिकाणी लोणावळ्याची आठवण करून द्यावी.

त्र्यंबक आणि इगतपुरी

नाशिक जिल्ह्यात एकीकडे त्र्यंबकेश्वर आहे, तर दुसरीकडे इगतपुरी. ब्रह्मदेशात जन्मलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून मिळालेली विपश्यना १९६९ साली भारतात आणली, आणि १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झालं. दहा दिवसांच्या शिबिरातले पहिले साडेतीन दिवस तिथे फक्त आनापान करायचं असतं. नैसर्गिक श्वास जसा येतो-जातो तसा पाहायचा. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही, त्याला मंत्राची जोड द्यायची नाही. वरच्या ओठावर, नाकपुड्यांखाली त्याचा स्पर्श जाणवू लागला की मग सगळ्या शरीरातल्या संवेदनांकडे वळायचं.

इथे कुंडलिनीचं नावही निघत नाही. तरी काहींना सर्वांगातून सूक्ष्म लहरी वाहिल्याचा अनुभव येतो, आणि तिथली शिकवण त्या क्षणी सांगते : ही लहर सुखद आहे, तिला धरू नकोस, ती जाणार आहे. पुण्याच्या वासुदेव निवासात गुळवणी महाराजांनी शक्तिपाताची, म्हणजे गुरूनं शिष्यातली शक्ती जागवण्याची, परंपरा चालवली. चित्रकलेचे शिक्षक असलेल्या या सत्पुरुषांच्या मार्गात साधकाला आपोआप होणाऱ्या हालचालींना ‘क्रिया’ म्हणतात. त्याही मार्गात क्रिया येतात, आपलं काम करतात आणि शमतात. साधकानं त्यांना साक्षी राहायचं असतं. एक वाट बुद्धाची, एक दत्तसंप्रदायाशी जोडलेली आणि एक नाथांची. तत्त्वज्ञान वेगळं, भाषा वेगळी. तरी शरीरात जे उठतं त्यावर मालकी सांगू नये, यावर तिन्ही वाटा एकमतानं उभ्या आहेत.

नव्यानं सुरुवात करणाऱ्याला म्हणूनच मी आनापानापासून सुरुवात करायला सांगतो. पाठ ताठ पण आखडलेली नाही, असं खुर्चीवर बसलं तरी चालतं. दहा मिनिटं पुरतात. श्वास आत येतो ते कळावं, बाहेर जातो ते कळावं. मन भरकटलं की रागावू नये, परत यावं. कुंभक, भस्त्रिका, बंध हे प्रत्यक्ष शिकवणारा समोर असल्याशिवाय करू नयेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

अन्न आणि झोप

आता पुन्हा अध्यायाकडे वळू. कुंडलिनीचं वर्णन संपतं आणि ज्ञानदेवांचा अर्जुन विचारतो, की या मार्गाला खास योग्यता लागत असेल, मग माझ्यासारख्यानं काय करावं? श्रीकृष्ण उत्तर देतात की योग्यता कुणी बांधून ठेवलेली नाही. जो विरक्तीनं आणि नेमस्तपणानं वागतो तो योग्यच आहे. लगेच पुढचे श्लोक येतात ते जेवणाचे आणि झोपेचे. फार खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत बसणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, निद्रा, जागरण, सगळं मोजकं असेल तेव्हाच योग दुःख दूर करतो.

शक्तीच्या उंच वर्णनानंतर ही बोलणी कुणाला साधी वाटतील. ती किती मोलाची आहेत हे गोपी कृष्ण यांच्या चरित्रातून कळतं. काश्मीरचे हे गृहस्थ सरकारी कचेरीत कारकून होते. मस्तकात प्रकाशमय कमळाची कल्पना करून ते वर्षानुवर्षं पहाटे ध्यानाला बसत. १९३७ च्या डिसेंबरात, जम्मूत, एका पहाटे कण्यातून प्रकाशाचा प्रवाह मस्तकात चढल्याचा अनुभव त्यांना आला. सुरुवातीच्या आनंदापाठोपाठ झोप गेली, अन्न नकोसं झालं, आतून जाळणारा दाह आणि भीती यांनी त्यांना ग्रासलं, जगणंच धोक्यात आलं. त्यातून सावरताना थोडं थोडं पण वेळेवर खाणं हा त्यांचा मोठा आधार झाला. १९६७ साली त्यांचं आत्मकथन प्रसिद्ध झालं. पुढे उरलेलं आयुष्य त्यांनी या अनुभवाचं शास्त्रीय संशोधन व्हावं म्हणून घालवलं.

त्यांची कुंडलिनी जागी झाली होती की नव्हती, याचा निवाडा मी करणार नाही. मला दिसतं ते असं : शक्तीच्या अनुभवानं माणसाची झोप आणि भूक हिरावली, तर त्याला आधी झोप आणि अन्न परत मिळवून दिलं पाहिजे. २०१७ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी ध्यान करणाऱ्यांच्या अवघड अनुभवांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात निद्रानाश होता, भीती होती, आपोआप होणाऱ्या हालचाली होत्या. अशा वेळी ध्यान वाढवायला सांगणारा शिक्षक गीतेच्या विरुद्ध शिकवतो. साधना थांबवणं, जेवण-झोप सावरणं आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं हा त्या साधकाचा योगच आहे.

पाठीवरचे मांडे

अध्याय आणखी पुढे जातो आणि श्रेष्ठ योगी कोण हे सांगतो. जो आपल्यावरून दुसऱ्याचं सुख आणि दुःख ओळखतो तो श्रेष्ठ योगी. इथे कण्याचा उल्लेख नाही, प्रकाशाचा नाही आणि नादाचाही नाही. शक्ती जागी झाली का, हा प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी हा श्लोक वाचायला सांगतो. गेल्या वर्षभरात तुझ्या शेजाऱ्याचं, सुनेचं, हाताखालच्या माणसाचं दुःख तुला आधीपेक्षा लवकर कळू लागलं का? कळू लागलं असेल, तर तुझ्या आत नक्की काही जागं झालं आहे. मग मुंग्या आल्या काय आणि न आल्या काय.

महाराष्ट्राच्या लोकमनानंही हेच ओळखलं. योगाग्नीची आपली सगळ्यांत लाडकी गोष्ट कोणती? विसोबा या गावकऱ्याच्या आडकाठीमुळे मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळत नाही. तेव्हा ज्ञानदेव योगाच्या बळानं आपली पाठ तापवतात आणि बहीण त्या पाठीवर मांडे भाजते. ही दंतकथा आहे, तिला इतिहास म्हणण्याचा माझा आग्रह नाही. पण आपल्या समाजानं या अग्नीचा उपयोग कशासाठी सांगितला ते पाहा. शत्रूला जाळण्यासाठी नाही, आकाशात उडण्यासाठी नाही. हिरमुसलेल्या धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकासाठी.

ती बहीण पुढे ताटीच्या अभंगांत याच भावाची समजूत घालते. जगाच्या बोलण्यानं दुखावून तो दार लावून बसला आहे. पंथराज जाणणाऱ्या त्या भावाला ती सांगते की लोकांचे अपराध सोसतो तो योगी, आणि म्हणून दार उघड. कुंडलिनीचं सर्वांत तेजस्वी वर्णन करणाऱ्या घरात योग्याची कसोटी एका लहान मुलीनं लावली, आणि ती कसोटी माणसांशी वागण्याची होती.

मध्येच सुटलेल्यांसाठी

यानंतर अर्जुन मनापासून तक्रार करतो, की मन वाऱ्यासारखं आहे, ते आवरणार कसं? उत्तर मिळतं ते अभ्यास आणि वैराग्य एवढंच. दुसरी कुठली युक्ती श्रीकृष्ण देत नाहीत. मग अर्जुनाचा शेवटचा प्रश्न येतो, आणि तो मला या अध्यायातला सगळ्यांत करुण प्रश्न वाटतो. जो श्रद्धेनं निघाला पण मध्येच सुटला, त्याचं काय? तो फाटलेल्या ढगासारखा इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा नष्ट होतो का? श्रीकृष्ण त्याला प्रेमानं सांगतात की कल्याणाचं काम करणारा कुणीही दुर्गतीला जात नाही. केलेलं फुकट जात नाही. जिथे सुटलं तिथूनच पुढे सुरू होतं.

ज्या अध्यायात पंथराज आहे, त्याच अध्यायात वाटेत पडलेल्यांना एवढी जागा आहे. पुढे बाराव्या अध्यायात तर ज्ञानदेव बंध आणि कुंडलिनीचा हा मार्ग किती कष्टाचा आहे हे सांगतात आणि भक्तीची सोपी वाट समोर ठेवतात. त्यांनी पंथराजाची थोरवी कमी केली नाही, पण सगळ्यांना त्या कड्यावर चढवण्याचा हट्टही धरला नाही.

म्हणून श्रोतेहो, माझं मागणं शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांकडे जास्त आहे. या गावात आणि आसपास ध्यानाचे वर्ग चालवणाऱ्यांनी नव्या साधकाला ‘काय दिसलं?’ असं विचारणं सोडून द्यावं. तो प्रश्न ऐकला की माणूस काहीतरी दिसावं म्हणून झटू लागतो, आणि ज्याला काही दिसत नाही तो स्वतःला कमी समजतो. त्याऐवजी झोप लागते का, जेवण जातं का, घरच्यांना तुझ्यात काय फरक जाणवतो, असं विचारावं. कुणाला त्रास झाला तर तो लपवू नये, डॉक्टरांकडे पाठवण्यात कमीपणा मानू नये. आणि जो वर्ग सोडून गेला त्याला अपात्र म्हणू नये, कारण श्रीकृष्णानं त्याला तसं म्हटलेलं नाही.

श्वास सगळ्यांकडे आहे. त्याच्याकडे पाहायला दीक्षा लागत नाही, पैसा लागत नाही, जात लागत नाही. ज्यांना पुढचा कठीण मार्ग चालायचा आहे त्यांनी जाणत्या गुरूच्या देखरेखीखाली तो जरूर चालावा, त्या मार्गाविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण ज्याला काहीही दिसलं नाही, काहीही जाणवलं नाही, आणि तरीही दहा मिनिटं श्वासापाशी बसून उठल्यावर जो घरात चार शब्द मऊ बोलला, त्याची साधना अपुरी आहे असं या महाराष्ट्रात कुणी म्हणू नये. ज्ञानदेवांनी ते म्हटलं नाही, आणि त्यांच्या वतीनं म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.